आधी पुठ्ठा, मग प्रोग्राम

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही म्हणजे नोकरी सांभाळून रविवारी अभ्यासिकेत बसणारी काही मित्रमंडळी. पदविका, अभियांत्रिकी आणि संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मदत करणे, एवढेच आमचे काम. आम्ही कोणी शास्त्रज्ञ नाही. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते कामाच्या टेबलावर शिकलेले आहे, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

प्रथम दुखण्यावर बोट ठेवतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पैसे देऊन तयार मिळतो, हे येथील विद्यार्थ्यांना आम्ही सांगायला नको. सीडीऐवजी आता पेनड्राइव्ह आला, एवढाच फरक. प्रोग्राम तयार, अहवाल तयार, बांधणीही तयार. फक्त मुखपृष्ठावर नाव घालायचे. आई-वडील पदरमोड करून हे पैसे देतात. पुढे तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतात, "हे बटण येथेच का ठेवले? हा प्रोग्राम कोणासाठी केला? त्या माणसाला दाखवला का?" आणि मुलगा गप्प उभा राहतो. नोकरीच्या मुलाखतीत हेच पुन्हा घडते. जो प्रकल्प विद्यार्थ्याचा विश्वास वाढवणार होता, तोच त्याचा विश्वास घेऊन जातो.

विद्यार्थी आळशी आहेत म्हणून असे होते, हे आम्हाला मान्य नाही. आमच्या पाहण्यात याची कारणे दोन आहेत. पहिले, चांगल्या प्रकल्पाला भरपूर पैसा लागतो हा समज. दुसरे, संगणकाचा प्रकल्प म्हणजे केवळ पडद्यावरची चित्रे, हा समज. हे दोन्ही समज खोटे आहेत, हे सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. आमचे सांगणे एका वाक्यात असे : प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी पुठ्ठा, वायर आणि जुन्या कीबोर्डमधून एक कच्चा नमुना करा आणि ज्याच्यासाठी प्रोग्राम करायचा त्याच्या हातात द्या.

कच्चा नमुना म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, नमुना म्हणजे खऱ्या वस्तूची लहान, स्वस्त नक्कल. तसे नाही. नमुना म्हणजे वस्तूच्या रूपाने विचारलेला प्रश्न. ज्या वस्तूतून एकही प्रश्न विचारलेला नाही ते खेळणे झाले, नमुना नव्हे. थोड्या उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

आपण वापरतो तो माऊस पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार केला. तो लाकडाचा ठोकळा होता. खाली काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. प्रश्न एवढाच होता की, टेबलावर हात फिरवून पडद्यावरच्या जागेकडे बोट दाखवता येईल काय? उत्तर मिळाले आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हा माऊस जगापुढे आला.

पुढे १९८० मध्ये अॅपल कंपनीला सामान्य माणसाला परवडेल असा माऊस हवा होता. त्यावेळचे माऊस शेकडो डॉलर किमतीचे आणि नाजूक होते. डीन होव्ही या तरुण अभियंत्याकडे हे काम आले. त्याने काय केले? दुकानातून काखेत लावायच्या सुगंधी औषधाच्या बाटल्या आणल्या, ज्यांच्या तोंडाशी फिरती गोळी असते. ती गोळी काढली आणि लोणी ठेवायच्या प्लॅस्टिकच्या भांड्याखाली बसवली. त्याचा प्रश्न होता : गोळी घट्ट न जखडता मोकळी फिरू दिली तर चालेल काय? चालले. घरातल्या दोन वस्तूंनी एका मोठ्या खर्चिक प्रश्नाचे उत्तर दिले. १९८३ मध्ये अॅपलच्या लिसा संगणकाबरोबर जो माऊस आला, त्याच्या कामाची सुरुवात ही अशी झाली.

तिसरे उदाहरण जेफ हॉकिन्स यांचे. खिशात मावणारा संगणक काढायचा त्यांचा विचार होता. त्यांच्या आधीच्या प्रयत्नाला बाजारात यश आले नव्हते. या वेळी त्यांनी सदऱ्याच्या खिशात बसेल असा लाकडाचा तुकडा कापला, त्यावर कागदाचा पडदा चिकटवला, लाकडी काडी तासून लेखणी केली आणि तो तुकडा घेऊन ते कार्यालयात वावरू लागले. कोणी भेटीची वेळ मागितली की ते खिशातून लाकूड काढत आणि त्यावर लिहिल्यासारखे करत. लोकांना ते विचित्र वाटले असेल. परंतु आपल्याला दिवसातून किती वेळा ही वस्तू लागते, कशासाठी लागते, किती खटाटोप सहन होतो, हे त्यांना त्या तुकड्याने शिकवले. १९९६ मध्ये 'पायलट' बाजारात आला आणि लाखो लोकांनी तो घेतला. त्या नमुन्यात वीज नव्हती, प्रोग्राम नव्हता. प्रश्न मात्र होता.

चौथे उदाहरण आयबीएमचे. बोललेले ऐकून टंकलिखित करणारे यंत्र लोकांना उपयोगी पडेल काय, हे त्यांना पाहायचे होते. तसे यंत्र त्यावेळी अस्तित्वातच नव्हते. तेव्हा संशोधकांनी दुसऱ्या खोलीत एक टंकलेखक बसवला. माणूस ध्वनिक्षेपकात बोले, टंकलेखक ऐकून टाइप करी आणि अक्षरे पडद्यावर उमटत. हा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पर्य, यंत्र नसले तरी यंत्राविषयीचा प्रश्न विचारता येतो. यंत्राच्या जागी माणूस बसवता येतो.

हे सर्व परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 'फॅब लॅब' नावाच्या कार्यशाळा जगभर सुरू केल्या, त्यांपैकी अगदी सुरुवातीची एक २००२ मध्ये याच पाबळला उभी राहिली. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि फेकून दिलेल्या वस्तूंमधून मुलांना विज्ञान शिकवले, हेही आपणांस ठाऊक आहे. तेव्हा हा मार्ग आपल्या मातीला अनोळखी नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आम्ही तीन पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी कागदाची. प्रोग्रामचा प्रत्येक पडदा एकेका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने काढा. समोर वापरणारा माणूस बसवा. तो बोटाने जेथे 'दाबेल' त्याप्रमाणे तुमच्यापैकी एकाने पुढचा कागद ठेवायचा. म्हणजे तो विद्यार्थी स्वतःच संगणक झाला. संगणक झालेल्याने बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत. माणूस कोठे अडतो, कोठे चुकीच्या जागी बोट ठेवतो, ते दुसऱ्याने वहीत टिपून घ्यायचे. एका दुपारी तुम्हाला दहा चुका सापडतील आणि त्या दुरुस्त करायला खोडरबर पुरेल. याच चुका प्रोग्राम पूर्ण झाल्यावर सापडल्या तर आठवडे जातात, आणि मग विद्यार्थी त्या झाकून ठेवतो.

दुसरी पायरी जुन्या कीबोर्डची. भंगारातला, दोन-चार अक्षरे न चालणारा यूएसबी कीबोर्ड घ्या. तो संगणकापासून काढून मगच उघडा. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे पातळ पडदे दिसतील. वरच्या आणि खालच्या पडद्यावर वीजवाहक रेघा छापलेल्या असतात आणि मध्ये भोके असलेला तिसरा पडदा असतो. अक्षर दाबले की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. त्या सगळ्या रेघा एका कोपऱ्यातल्या लहान हिरव्या पट्टीला येऊन मिळतात. आपल्याला हवी आहे ती फक्त ही पट्टी. पडदे बाजूला काढा, पट्टी पुन्हा संगणकाला जोडा, नोटपॅड उघडा आणि वायरच्या तुकड्याने पट्टीवरचे दोन-दोन बिंदू जोडून पाहा. कोणते दोन बिंदू जोडले की कोणते अक्षर उमटते, त्याचा तक्ता करा. हे काम तास-दोन तासांचे आहे, परंतु कीबोर्डच्या आत काय चालते हे त्यातून कायमचे कळते.

आता त्या दोन बिंदूंपासून दोन वायर बाहेर आणल्या की त्यांच्या टोकांना काहीही जोडता येते. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, आतल्या बाजूंना पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवा, मध्ये भोक पाडलेला स्पंज ठेवा. हे झाले बटण. मोठे केले तर पायाने दाबायची पायटी झाली. दाराच्या फटीत बसवले तर दार उघडल्याची खबर देणारे झाले. विशेष म्हणजे संगणकाला यातले काहीच कळत नाही. त्याला वाटते, कोणीतरी अक्षर दाबले. त्यामुळे तुम्ही प्रोग्राम कोणत्याही भाषेत लिहा, शाळकरी मुलांच्या 'स्क्रॅच'मध्ये लिहा किंवा 'सी'मध्ये लिहा, तो चालतो.

येथे दोन सूचना. पट्टीवरचे काही बिंदू काळ्या कार्बनचे असतात, त्यांवर सोल्डर बसत नाही. तेथे वायर चिमट्याने घट्ट दाबून धरावी लागते. दुसरी सूचना, एकाच वेळी तीन-चार बटणे दाबली जाणार असतील तर स्वस्त कीबोर्ड गोंधळतो. एखादे अक्षर उमटत नाही किंवा न दाबलेलेच उमटते. रेघांची जाळी असल्यामुळे असे होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे एक रेघ सर्व बटणांना सामाईक ठेवायची आणि दुसरी प्रत्येकाची वेगळी घ्यायची. मग जाळीत चौकोन पूर्ण होत नाही आणि गोंधळही होत नाही.

तिसरी पायरी आर्डुइनोची. इटलीतील इव्रेया गावच्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ मध्ये हे लहान कार्ड तयार झाले. त्याचा पाया तेथीलच विद्यार्थी एर्नांदो बारागान यांच्या 'वायरिंग' या प्रकल्पात होता. म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रकल्पावरच ही इमारत उभी आहे, हे आपण लक्षात ठेवावे. कार्डाचा नकाशा सर्वांसाठी खुला ठेवल्यामुळे अनेकांनी तशी कार्डे बनवली, आणि आज ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत काही शे रुपयांत मिळतात. कीबोर्डची पट्टी 'दाबले' किंवा 'दाबले नाही' एवढेच सांगते. आर्डुइनो 'किती' तेही सांगतो. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची मूठ घ्या. तिला तीन पाय असतात. कडेचे दोन पाय पाच व्होल्ट आणि ग्राउंडला, मधला पाय कार्डाच्या 'ए शून्य' या टोकाला जोडा. मूठ फिरवली की उनो कार्ड ० ते १०२३ मधला आकडा देते. त्या आकड्याने पडद्यावरचे चित्र मोठे करा, आवाज वाढवा, नकाशा सरकवा, काय हवे ते करा.

येथे नवख्याला एक गोष्ट हटकून छळते. बटण एकदा दाबले तरी मोजणी दोन-तीन होते. बटणातले धातूचे पान टेकताना सूक्ष्म उसळ्या मारते आणि कार्ड इतके जलद असते की ते प्रत्येक उसळी मोजते. प्रोग्राममध्ये पहिल्या स्पर्शानंतर साधारण वीस ते पन्नास मिलिसेकंद थांबावे, की हा त्रास संपतो. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. परंतु ज्याने ते स्वतः भोगले आहे, तो मुलाखतीत त्यावर पाच मिनिटे बोलू शकतो.

आता आमच्या अभ्यासिकेतील एक उदाहरण सांगतो. एका विद्यार्थिनीने औषधांची आठवण करून देणारा प्रोग्राम करायचे ठरवले. तिच्या आजींना रोज तीन वेळा गोळ्या घ्याव्या लागत. तिचा मूळ विचार होता की पडद्यावर सूचना येईल आणि आजी 'घेतले' हे बटण दाबतील. आजींना वाचता येत नाही. तेव्हा आम्ही तिला म्हटले, "आधी पडदा बाजूला ठेव. आजींच्या हातात देता येईल असे काहीतरी कर."

तिने मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन कप्पे केले, सकाळ, दुपार आणि रात्र. सकाळच्या झाकणावर सूर्य, रात्रीच्या झाकणावर चंद्र काढला. झाकणाच्या आतून फॉइल लावली आणि वायर जुन्या कीबोर्डच्या पट्टीला जोडल्या. झाकण उघडून पुन्हा बंद केले की गोळी घेतली असे समजायचे, अशी तिची योजना होती. वहीत तिने प्रश्न लिहिला : आजी झाकण नीट बंद करतील का?

दोन दिवस आजींनी ते खोके वापरले. त्यांनी झाकण बंद केलेच नाही. नातीने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, उघडं ठेवलं म्हणजे मला दिसतं ना, गोळी घेतली ते. बंद केल्यावर कसं कळणार?" आजींनी स्वतःची सोय स्वतःच शोधून काढली होती. मग प्रोग्राम बदलला. झाकण उघडे म्हणजे गोळी घेतली. रात्री सून तिन्ही कप्पे भरून झाकणे बंद करील तेव्हा नवा दिवस सुरू. दोन ओळींचा बदल! परंतु या दोन ओळी कोणत्याही पुस्तकात सापडल्या नसत्या, आणि तयार प्रकल्प विकणाऱ्याकडे तर नाहीच नाही. त्या आजींच्या हातात होत्या, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याने त्या बाहेर काढल्या.

मित्रांनो, स्वस्त नमुन्याचे खरे सामर्थ्य येथे आहे. चकचकीत वस्तू समोर ठेवली की आपली साधी माणसे संकोचतात. "चांगलं केलंय पोरा," म्हणतात आणि गप्प बसतात. पुठ्ठ्याचे खोके पाहिले की तीच माणसे मोकळेपणाने बोलतात, "हे इकडे कर, ते मोठं कर." कारण त्यांना दिसते की हे अजून बदलता येण्यासारखे आहे. आणि विद्यार्थ्यालाही ते मोडून नव्याने करायला दुःख होत नाही. ज्यावर पैसा खर्च झाला ते मोडवत नाही. आणि जे मोडवत नाही ते सुधारतही नाही.

काही सभासद विचारतील, हे म्हणजे 'जुगाड'च ना? आमच्या मुलांनी असेच ठोकून ठाकून काम भागवायचे काय? हा प्रश्न रास्त आहे. जुगाड काम भागले की थांबते. नमुना काम भागवण्यासाठी नसतोच. तो शिकण्यासाठी असतो आणि शिकून झाले की बाजूला ठेवायचा असतो. त्या आजींना कायम मिठाईचे खोके वापरायला लावणे योग्य होणार नाही. फॉइल फाटते, वायर निसटते, आणि औषधासारख्या बाबतीत अशा वस्तूवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. म्हणून नमुना चालू असतानाही घरातले माणूस गोळ्यांवर लक्ष ठेवून होते. पक्की वस्तू पक्क्या साहित्याचीच हवी. परंतु ती कशी हवी हे कळण्यासाठी आधी कच्ची हवी.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला हात लावायचा नाही. आपले सर्व काम यूएसबीच्या पाच व्होल्टवर होते. जुन्या मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या उघडू नयेत, त्या पेट घेतात. सोल्डर करताना खिडकी उघडी ठेवावी, धूर नाकात घेऊ नये आणि काम झाल्यावर हात धुवावेत. लहान मुले असतील तर मोठ्या माणसाने जवळ बसावे.

विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी. यंदा प्रकल्प हाती घ्याल तेव्हा एक वही करा. प्रत्येक नमुन्यासाठी एक पान. वर तारीख आणि प्रश्न लिहा. खाली नमुन्याचे चित्र, कोणाला दाखवला, त्याने हाताने काय केले आणि तुम्ही काय बदलले, एवढेच लिहा. तुमचे नमुने अयशस्वी झाले तरी पाने फाडू नका. परीक्षकांसमोर ही वही ठेवा. दहा पाने भरलेल्या विद्यार्थ्याला "हे असे का केले?" हा प्रश्न घाबरवत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे तारखेसह असते.

सभासद बंधू-भगिनींना आमची विनंती वेगळी आहे. आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके देता, ते मोलाचे काम आहे. त्याच्या जोडीला अभ्यासिकेच्या कपाटात एक पेटी ठेवावी. तिच्यात बंद पडलेले कीबोर्ड आणि माऊस, जुन्या रेडिओच्या मुठी, पुठ्ठे, फॉइल, वायरचे तुकडे, एक सोल्डरची इस्त्री, एक मल्टिमीटर आणि दोन-तीन आर्डुइनो कार्डे असावीत. यातील बहुतेक वस्तू आपल्या घरांच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या आहेत. उरलेल्या विकत घेण्यास येणारा खर्च एका तयार प्रकल्पाच्या किमतीहून जास्त होणार नाही, असा आमचा अंदाज आहे. आणि ती पेटी एका मुलाला नव्हे, दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक मुलाला उपयोगी पडेल. आणखी एक. विद्यार्थी आपले खोके घेऊन तुमच्या दारी आले तर त्यांना दहा मिनिटे द्या, आणि त्यांचे कौतुक करण्याआधी त्यात काय खटकते ते सांगा. त्यांना त्याची गरज अधिक आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही अभ्यासिकेत असतो. येताना पैसे आणू नका. एक प्रश्न आणि एक रिकामे खोके आणा.